डोंगरातल्या खडकाचं वय एवढ्याशा कणावरून कसं काय कळतं?

प्रश्न : हिमालयातल्या अमुक थराचं वय ५० कोटी वर्षं, तमुक थराचं २५ कोटी, असं वाचायला मिळतं आणि सोबत लिहिलेलं असतं की हे सूक्ष्मजीवाश्मांवरून ठरवलंय. वय काढायला रेडिओअ‍ॅक्टिव्ह पद्धत असताना हे कशाला? आणि डोंगरात थर वाकलेले, उलटे झालेले असतात, मग यात फसायला होत नाही का?

उत्तर : फसायला होतं, चांगले चांगले लोक फसलेत, त्यावर येतोच. आधी रेडिओअ‍ॅक्टिव्ह पद्धतीचं बघू. गाळाचा खडक हा दुसऱ्या खडकांच्या चुऱ्यापासून बनतो, त्यामुळे त्यातला झिरकॉन या टिकाऊ खनिजाचा कण मोजला तर वय निघतं ते तो कण जिथून आला त्या मूळ खडकाचं, आणि त्यावरून एवढंच कळतं की आपला थर त्याहून जुना नाही. मधेच ज्वालामुखीच्या राखेचा पट्टा सापडला तर मात्र काम होतं. चीनमधल्या मेईशानला हेच झालं, तिथे ‘हिंडिओडस पार्व्हस’ नावाचा कोनोडोंट (दातासारखा सूक्ष्मजीवाश्म) जिथे पहिल्यांदा दिसतो तिथून ट्रायासिक काळ, म्हणजे डायनोसॉरच्या युगाचा पहिला टप्पा, सुरू झाला असं २००१ मध्ये जगभरासाठी ठरलं, आणि आजूबाजूच्या राखेतल्या झिरकॉनवरून त्याचा आकडा आला सुमारे २५ कोटी १९ लाख वर्षं. आता हाच कोनोडोंट हिमालयात स्पितीच्या चुनखडकात मिळाला की तिथे राख नसली तरी वय कळतं. म्हणजे या दोन पद्धती एकमेकींच्या विरोधात नाहीतच, राख आकडा देते आणि जीवाश्म तो आकडा राख नसलेल्या ठिकाणी नेऊन पोचवतात.

मोठे जीवाश्म का नाही वापरत? कारण डोंगर तयार होताना खडक इतका दाबला-ताणला जातो की शंखशिंपल्यांचा चुरा होतो, आणि जे वाचतात ते मिळायला नशीब लागतं, सूक्ष्म मात्र एवढ्याशा दगडातसुद्धा शेकड्यांनी असू शकतात. शिवाय यातले बरेचसे समुद्रात तरंगत किंवा पोहत जगणारे, त्यामुळे एकच जात दूरदूरच्या समुद्रांत सापडते, आणि जाती भराभर बदलत गेल्या, म्हणून प्रत्येकीचा काळ आखूड. वय काढायला नेमकं हेच हवं.

कोनोडोंट म्हणजे दातासारखे कण, बहुतेक एक मिलिमीटरच्या आतबाहेर. चुनखडक फोडून पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये कित्येक दिवस ठेवतात, दगड विरघळतो, हे फॉस्फेटचे कण उरतात, मग चाळणी, मग मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने एकेक उचलायचा. चर्ट म्हणजे सिलिकाचा कठीण दगड, त्यातले रेडिओलारिया (सिलिकाचा सांगाडा असलेले समुद्रातले एकपेशीय जीव) काढायला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लागतं, ते फार घातक, कातडीतून आत जातं, त्यामुळे ते काम फक्त नीट सोय असलेल्या लॅबमध्येच. मला कायम थक्क करणारी गोष्ट ही की पांडर या शास्त्रज्ञाने १८५६ मध्ये कोनोडोंटचं वर्णन केलं, पण हे दात असलेला अख्खा प्राणी, छोट्या ईलसारखा, स्कॉटलंडच्या खडकातून जगासमोर आला तो १९८३ मध्ये, तोपर्यंत हे कण नक्की कोणाचे हेच माहीत नव्हतं आणि तरीही त्यावरून खडकांची वयं बरोबर निघत होती! कारण वय काढायला प्राणी कोण ते कळावं लागत नाही, कुठल्या थरात काय आधी येतं आणि काय नंतर, एवढं पक्कं असलं की पुरतं.

आता उलट्यापालट्या थरांचं. खरं तर तिथेच याचा सगळ्यात जास्त उपयोग, कारण वर जुना आणि खाली नवा असं निघालं की कळतं मधे भ्रंश (खडक तुटून सरकलेली भेग) आहे किंवा अख्खी घडी उलटलीय, नुसत्या डोळ्यांना दोन्हीकडे सारखाच काळा दगड दिसतो. मसुरीजवळचे ताल थर बरीच वर्षं डायनोसॉरच्या काळातले समजले जात, मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या खालच्या भागातल्या चर्ट आणि फॉस्फोराइटमधून (फॉस्फेटच्या खडकातून) बारीक कवचं निघाली ती थेट कॅम्ब्रियन काळाच्या सुरुवातीची (सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीची), म्हणजे २५ कोटी वर्षांहून जास्त फरक, आणि त्या भागातल्या रचनेचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागला. जपानमध्ये तर याहून मोठं झालं. तिथल्या डोंगरांतल्या चुनखडकात जुने फोरॅमिनिफेरा (कवच असलेले समुद्रातले एकपेशीय जीव) मिळायचे म्हणून आसपासचं सगळंच तेवढं जुनं धरलं होतं, १९७० आणि ८० च्या दशकांत चर्ट आणि चिखलखडकातले कोनोडोंट, रेडिओलारिया तपासले तर ते ट्रायासिक-ज्युरासिकचे निघाले. चुनखडकाचे ते जुने तुकडे नव्या चिखलात येऊन पडलेले होते.

फसणं म्हणतात ते हेच. जुना कण झिजून सुटतो आणि नव्या गाळात जाऊन बसतो. उलटंही होतं, नवा कण जुन्या थरात शिरतो. आता पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंजमधल्या मिठाच्या थरांत १९४० च्या दशकात बिरबल साहनींना लाकडाचे अतिसूक्ष्म तुकडे मिळाले आणि त्यांनी ते थर इओसीन, म्हणजे पाचेक कोटी वर्षांचे ठरवले. आज ते मीठ ५० कोटींहून जुनं मानलं जातं, ते तुकडे नंतर आत शिरलेले. साहनी फार मोठे शास्त्रज्ञ, नमुने घेताना काळजीही घेतलेली, तरी असं झालं. म्हणून एका कणावर वय सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. एकत्र सापडणाऱ्या बऱ्याच जाती एकाच काळाकडे बोट दाखवतायत का, त्यात झिजलेले किती, दगड नेमका कुठून उचलला, दुसऱ्याने त्याच जागी जाऊन काढलं तर तेच मिळतं का, हे विचारायलाच हवं.

कोनोडोंटचा रंगसुद्धा बघतात. फिकट पिवळा असेल तर खडक फारसा तापलेला नाही, तपकिरी होत होत काळा झाला तर ३०० अंशांच्या आसपास गेलेला, त्याहून तापला की राखाडी आणि मग पांढरा. म्हणजे वयासोबत तो थर किती खोल गाडला गेला असेल याचाही अंदाज येतो.

प्रश्न : लॅबशिवाय, साध्या भिंगाने यातलं काही दिसेल का?

उत्तर : दिसेल की! न्युम्युलाइट्स बघा, हेही फोरॅमिनिफेराच, पण चपटे, गोल आणि बरेचदा सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठे, गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडात भरलेत. हिमालयात लडाख-झंस्कारकडच्या इओसीन चुनखडकातही आहेत. उथळ समुद्रात राहणारे जीव हे, त्यामुळे असे सागरी थर जिथे संपतात, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी, तिथे भारत आणि आशियामधला समुद्र मिटत आलेला होता असं धरतात. तुटलेल्या कडेवर भिंग धरा, आतल्या कप्प्यांची गुंडाळी दिसते. दगड ओला केला की अजून स्पष्ट.