कापूसवाल्याचा पोरगा अन् फायटर विमान

प्रश्न : पोरगा अकरावीत आहे. म्हणते, फायटर पायलटच होईन. आम्ही कापूसवाले. खेड्यातलं कोणी झालं का असं?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : झालं ना दादा! निर्मलजितसिंग सेखों, लुधियानाजवळच्या इसेवाल गावचे. वडील हवाई दलातच होते, हेही सांगतो. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या तळावर पाकिस्तानची सहा सेबर विमानं बॉम्ब टाकत होती. त्याच धुराळ्यातून सेखों नॅट नावाचं लढाऊ विमान घेऊन उडाले. नॅट म्हणजे केवढं? पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट, तुमच्या गोठ्यात मावेल. एकट्यानं झुंजले, दोन सेबरवर गोळ्या बसवल्या, मग पडले. वय तिशीच्या आतच. हवाई दलाकडे परमवीर चक्र तेवढं एकच.

मी वीस वर्षं विमानांचे टायर-ब्रेक पाहिले. पायलट खाली उतरला की ओव्हरऑल घामानं पाठीला चिकटलेला असे, वखर हाकून आल्यासारखा.

पोराला फिजिक्स-मॅथ्स सोडू देऊ नका, बारावीवर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा देता येते. अन् डोळे आत्ताच तपासा. माझा भाचा तिथंच अडकला, तोही शेवटच्या मेडिकलला.