‘माझी श्रद्धा गेली!’ : श्रद्धा की विश्वास, ढोंगी की पाखंडी?

प्रश्न असा आहे : अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘यंग गुडमन ब्राउन’ (१८३५) या कथेचा अनुवाद करताना नायकाच्या बायकोचं ‘फेथ’ हे नाव तसंच ठेवावं की ‘श्रद्धा’ करावं? आणि गावातल्या धर्मशील मंडळींना दांभिक, ढोंगी, पाखंडी यांपैकी काय म्हणावं?

माझं मत, नाव ‘श्रद्धा’च करावं. लग्नाला तीन महिने झालेला ब्राउन बायकोचं न ऐकता रात्री सेलम या अमेरिकेतल्या गावाजवळच्या रानात जातो. तिथे सैतानाच्या मेळाव्याला ज्या बाईंनी त्याला धर्माचे पाठ दिले त्या, डीकन (चर्चचा एक पदाधिकारी) आणि खुद्द धर्मोपदेशक निघालेले त्याला दिसतात. मग आकाशातून बायकोच्या टोपीची गुलाबी फीत खाली येते आणि तो ओरडतो, ‘माझी श्रद्धा गेली!’ बायको आणि देवावरचा भरवसा एकाच शब्दात जातात. ‘फेथ गेली’ असं लिहिलं तर मराठी वाचकापर्यंत फक्त बायको पोहोचते.

क्रियापद मात्र जपून निवडावं. एरवी आपण ‘श्रद्धा उडाली’ म्हणतो, पण इथे डोक्यावरच्या ढगातून माणसांचे आवाज येत असताना बायको ‘उडाली’ म्हटलं तर प्रसंगाची वाट लागेल. ‘हरपली’ शोकसंदेशातलं वाटतं. ‘गेली’मध्ये निघून जाणं आहे, मरण आहे आणि मनातून नाहीसं होणंही आहे.

खरी अडचण विभक्तीची. आज आपण मुलीच्या नावाला ‘श्रद्धाने, श्रद्धाला’ असे प्रत्यय लावतो आणि मनातल्या भावाला ‘श्रद्धेने, श्रद्धेला’. म्हणजे प्रत्यय लागताच दोन अर्थांची फारकत होते. उशीर का झाला याचं कारण ब्राउन वाटेतल्या सोबत्याला सांगतो : ‘श्रद्धेनं जरा अडवून धरलं.’ हे वाक्य ‘श्रद्धानं’ असं लिहिलं की त्यातला अर्धा जीव गेला. उपाय जुन्या मराठीत आहे. आपण अजूनही सीतेने, यशोदेला, राधेचा असंच म्हणतो. कथेचा काळ सतराव्या शतकाचा असल्यामुळे हे जुनं वळण तिला शोभतंही. संपूर्ण अनुवादात सामान्यरूप करूनच नाव चालवावं, एकदाही ‘श्रद्धाला’ येऊ देऊ नये.

‘विश्वास’चाही विचार व्हायला हवा, कारण मराठी ख्रिस्ती परंपरेचा शब्द तोच आहे. बायबलच्या मराठी भाषांतरात ‘विश्वास, आशा, प्रीती’ अशी त्रयी येते. अर्थाने तो अधिक नेमका, पण आपल्याकडे विश्वास हे पुरुषाचं नाव, त्यामुळे बायकोला देता येत नाही. उपदेशकाच्या तोंडी तो जरूर ठेवावा.

आता दुसरा भाग. ‘पाखंडी’ नको, हे मी आग्रहाने सांगेन. हिंदीच्या सहवासाने तो आपल्याकडे ‘ढोंगी’च्या अर्थाने वापरला जाऊ लागला आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे केवळ पंथ, त्यात निंदा नाही. पुढे त्याला वेदबाह्य, धर्मविरोधी असा अर्थ चिकटला आणि मराठीत मुख्यतः तोच रुजला. पाखंडी म्हणजे रूढ धर्ममत झुगारणारा. या कथेत सैतान ब्राउनला सांगतो की तुझ्या आजोबांनी क्वेकर (चर्चची रूढ व्यवस्था न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) बाईला सेलमच्या रस्त्यांतून फटके मारत नेलं तेव्हा मी मदतीला होतो. तिथल्या प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथीयांच्या, लेखी पाखंडी ती बाई! फटके मारणाऱ्यांना तोच शब्द लावला तर कथा उलटी फिरते. हॉथॉर्नला हे घरचं होतं : त्याच्या घराण्याच्या मूळपुरुषाने क्वेकरांचा छळ केला होता, आणि खापरपणजोबा १६९२ च्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होते. त्या खटल्यांत १९ जणांना फाशी झाली. त्यांतली मार्था कॅरियर नावानिशी या कथेत येते.

दांभिक आणि ढोंगी यांतही फरक आहे. ढोंगी माणसाला आपण सोंग करतोय हे पक्कं ठाऊक असतं. दांभिकाला धर्मशीलतेचं प्रदर्शन मांडता मांडता ते स्वतःलाच खरं वाटू लागलेलं असू शकतं. दिवसा प्रार्थना आणि रात्री रानातला मेळावा, हे जाणूनबुजून चाललेलं आहे, म्हणून ‘ढोंगी’. शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांना, येशू जे म्हणतो त्याला मराठी बायबलमध्ये हाच शब्द आहे, त्यामुळे तो या वातावरणात उपरा वाटत नाही.

आणि ‘गुडमन’चं ‘सज्जन’ करू नये. ती त्या काळच्या साध्या गृहस्थाच्या नावाआधी लावायची उपाधी होती, स्वभावाचं वर्णन नव्हे.