कोकणचं गाइड घेताय? आधी ठाण्याचं पान उघडा

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर आम्ही सात जण गाडीने कोकणात निघतोय. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर करत गणपतीपुळ्यापर्यंत. सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे आहेत, बरोबर दोन लहान मुलं. स्टेशनजवळच्या दुकानात कोकणावरचं एक जाडजूड गाइड बघितलं, फोटो एकदम मस्त, किंमत साडेचारशे. मिस्टर म्हणतात फोनवर सगळं मिळतं, कशाला पैसे घालवायचे. पुस्तक चांगलंय की नाही ते दुकानात उभ्या उभ्या कळणार कसं? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : कळतं, दहा मिनिटं पुरतात. फोटो अजिबात बघू नका, फोटो सगळ्याच गाइडमध्ये चांगले असतात. सरळ ठाण्याचं पान उघडा. तुम्ही म्हणाल आम्हाला कुठे ठाणं बघायचंय, पण अहो, दापोलीबद्दल त्याने खरं लिहिलंय की खोटं ते तुम्हाला कळणार नाही, ठाण्याबद्दलचं मात्र एका नजरेत कळेल ना! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली हे सगळेच लिहितात, त्याचे मार्क नाहीत. तलावपाळीच्या बाजूलाच कौपिनेश्वर आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं, संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, हे लिहिलंय का बघा. असेल तर लिहिणारा माणूस पायी फिरलाय. नुसतं 'तलावांचं शहर' म्हणून पुढे गेला असेल तर दापोलीचंही त्याने तसंच घरी बसून लिहिलेलं असणार, असं मी तरी धरून चालते.

मग पुस्तक किती जुनं ते बघा. पहिल्या पानावरच्या नव्या आवृत्तीच्या वर्षावर जाऊ नका, कव्हर बदलून आतला मजकूर तोच ठेवतात. वसई, अर्नाळा, केळवे, जव्हार शोधा. ही ठिकाणं ठाणे जिल्ह्यात दाखवली असतील तर तो मजकूर १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला. मुंबई-गोवा हायवेला अजून एनएच १७ म्हणत असेल, ६६ नाही, तर अजूनच जुना. किल्ल्यांचा इतिहास जुन्या पुस्तकातलाही चालतो हो, पण राहायची-जेवायची सोय आणि रस्ते बारा-पंधरा वर्षांत कुठल्या कुठे जातात.

आता तुमच्या रूटची खरी परीक्षा, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी स्वतः यात सापडलेय. किनाऱ्याने जाताना तुम्हाला चार खाड्या लागणार आणि चारही ठिकाणी गाडी चढवता येईल अशी फेरीबोट आहे, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. ही चार नावं पुस्तकात आहेत का ते आधी शोधा. आम्ही काही वर्षांपूर्वी असंच एक गाइड घेऊन दापोलीहून गुहागरला निघालो, पुस्तकात फेरीबोटीचा शब्द नाही, नकाशात खाडी म्हणजे केसाएवढी निळी रेघ, त्यामुळे आम्ही बापडे खेड, तिथून चिपळूण, तिथून गुहागर असा शंभरच्या वर किलोमीटरचा वळसा घालून रात्री पोचलो, मागे आई गाडी लागून आडवी झालेली. सकाळी चहाच्या टपरीवर एक आजोबा म्हणाले, "दाभोळवरनं बोटीत गाडी नाय घातलीत?" चहा हातात तसाच राहिला. आईचे ते हाल मी अजून विसरले नाही, म्हणून सांगते, कोकणच्या गाइडमध्ये फेरीबोटी नसतील तर ते पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पाणी चढलं की अडकलात. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते आणि भरतीच्या वेळी ती जिवावर बेतू शकते, सासू-सासऱ्यांना तर पायऱ्यांचंही आधी सांगायला हवं. चांगलं गाइड हे ठळक लिहितं आणि वेळ काढायचा हिशोबही देतं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब साधा आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या आसपास ओहोटी, दुपार असो की पहाट. अंदाजच आहे तो, पाण्यात पाय टाकण्याआधी तिथल्या कोळ्यांना विचारायचंच. पण एवढं ज्या पुस्तकात आहे ते लिहिणारा किनाऱ्यावर थांबलेला माणूस आहे.

वयस्कर माणसं बरोबर आहेत तर आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचं पान काढा. गाडी वर देवळापर्यंत जाते, हे लिहिलंय का? 'निसर्गरम्य परिसर' लिहून भागत नाही, गुडघे दुखणाऱ्याला गाडी कुठपर्यंत जाते ते हवं असतं. जेवणाचंही तेच. घरगुती खानावळीत बऱ्याच ठिकाणी आधी फोन करून किती माणसं ते सांगावं लागतं, ऐनवेळी सात जण दारात उभे राहिलात तर बाई करणार तरी काय. आणि ज्या हॉटेलांची तारीफ आत आहे त्यांच्याच जाहिराती मागच्या पानांवर असतील तर ती तारीफ सोडून द्या.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. आज फेरीबोट चालू आहे का, घाटात ट्रॅफिक किती, हे पुस्तक सांगू शकत नाही, त्यासाठी आदल्या दिवशी फोनच करायचा. पण फोन आपण विचारू तेवढंच सांगतो, हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो हे माहीतच नसेल तर विचारणार काय? शिवाय नुसतं 'मुरूड' टाकाल तर दोन आहेत, एक जंजिऱ्याचं रायगडातलं, एक दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. गाइडने दोन्ही वेगळी करून सांगितली असतील तर आणखी एक मार्क द्या. माझं मत विचाराल तर फेरीबोटी आणि भरती-ओहोटी या दोन्हीत पास झालं तर साडेचारशे बिनधास्त द्या.

प्रश्न : आम्ही ट्रेनने जातो. गाइडमध्ये सगळी अंतरं मुंबईहून दिलेली असतात, त्याचा आम्हाला काय उपयोग? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : फार नाही. तुम्हाला ठाणे किंवा पनवेलहून गाडी पकडायची असते, तेव्हा कुठली गाडी तिथे थांबते ते पुस्तकात हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरल्यावर पुढे काय. कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावापासून लांब आहेत. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर, राजापूर रोड तर राजापुरापासून चांगलंच लांब, मालवणला स्टेशनच नाही, कुडाळ नाहीतर कणकवलीला उतरा. दापोलीला जायचं तर खेड. स्टेशन ते गाव हा शेवटचा टप्पा एसटीने की रिक्षाने, हे ज्यात नाही ते गाइड ट्रेनवाल्यांसाठी लिहिलेलंच नाही. पावसाळ्यात त्या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, तेवढंही लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या परत.

प्रश्न : बाबांच्या कपाटात कोकणचं जुनं गाइड सापडलं, त्यात सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि अलिबाग 'कुलाबा जिल्ह्यात'. रद्दीत घालू का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : अजिबात नको! सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा आणि कुलाब्याचं रायगडही १९८१ मध्येच झालं, म्हणजे तुमचं पुस्तक त्याच्याही आधीचं. प्रवासाला उपयोग शून्य, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तीच १९९८ ला. पण भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोट जायची त्या काळातलं आहे ते, बंदरांची नावं आणि बोटीच्या वेळा असतील तर आता कुठे वाचायला मिळणार आहेत? बाबांनी समासात पेन्सिलीने काही लिहून ठेवलंय का तेही बघा, आणि असेल तर लवकर वहीत उतरवून घ्या, इतका जुना कागद घडीवर तुटतो.