थांबे आधी, बॅग नंतर

पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री पाठवलेली यादी वाचली. सात माणसं, दापोलीत तीन मुक्काम, नाताळची सुट्टी, आणि यादीत केसांच्या ड्रायरपासून बॅडमिंटनच्या रॅकेटपर्यंत सगळं. खाली तू लिहिलंयस, "काकू, आई म्हणते अजून बरंच राहिलंय, दादा म्हणतो निम्मं काढ. मी काय करू?" त्या शेवटच्या तीन शब्दांत तू रडकुंडीला आलेली दिसलीस म्हणून लिहायला बसले. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस.

यादी बाजूला ठेव. काय न्यायचं आणि काय नाही, ते मी आत्ता सांगणार नाही. आधी एक कोरा कागद घे आणि त्यावर थांबे लिही. घरातून किती वाजता निघणार, पहिल्यांदा कुठे थांबणार, तिथे कोण उतरणार, कशासाठी, किती वेळ. मग दुसरा थांबा, मग तिसरा, पार दापोलीच्या खोलीचं दार उघडेपर्यंत. थांबे आधी, बॅग नंतर. हे एकदा पक्कं झालं की यादी आपोआप निम्मी होते, आणि जे खरोखर राहिलंय तेही दिसतं.

तुझ्या यादीत पाण्याच्या सात बाटल्या आहेत. त्यातली आजीची बाटली दापोलीला भरलेलीच पोचणार, हे मी इथे बसून सांगते. "मला तहानच नाही गं," असं त्या म्हणतील. तहान असते. वाटेत जायला जागा मिळेल का, मिळाली तर बसता येईल का, गुडघे दुमडतील का, आणि आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा तर होणार नाही ना, हे सगळं डोक्यात असतं, म्हणून आपल्या घरातल्या बायका प्रवासाच्या दिवशी पाणी तोडतात. वॉर्डात आयुष्य गेलं माझं. सुट्ट्या संपल्या की लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. वयस्कर माणसाचं पाणी कमी पडलं की चक्कर येते, कधीकधी बोलण्यात असंबद्धपणा येतो, आणि घरचे म्हणतात, दगदग झाली. दगदग नसते ती.

माझी आई गुहागरची. आम्ही एसटीने जायचो. आदल्या दुपारपासून ती पाणी प्यायची नाही. तिथे पोचली की डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडायची, आणि आम्ही पोरं समुद्रावर. तिच्या माहेरचा समुद्र तिने माझ्याबरोबर कधी धड पाहिला नाही. ती सल जात नाही, आणि म्हणूनच या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

तर आजीसाठी थांबे ठरव. ताम्हिणीने जाणार आहात ना? पौड-मुळशीच्या टप्प्यात, घाट लागायच्या आधी एक थांबा हवाच, कुणाला गरज असो वा नसो. पुढे घाटात चांगलं स्वच्छतागृह मिळेल या भरवशावर राहू नकोस, फोनला रेंज मिळेल याही भरवशावर नको. पेट्रोल पुण्यातच भरून घे. दुसरा थांबा घाट उतरल्यावर निजामपूरच्या आसपास, माणगावात शिरण्याआधी. माणगावला मुंबईकडून येणारा महामार्ग मिळतो, आणि लागून सुट्ट्या आल्या की तिथे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. त्या रांगेत अडकल्यावर आजींना "थोडं थांब" म्हणायची वेळ येऊ देऊ नकोस. मग गोरेगाव, आंबेत, मंडणगड करत दापोली. मंडणगडला एक थांबा. पेट्रोल पंपावर ग्राहकांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकात हवा ठेवणं पंपचालकाला बंधनकारक असतं, तेव्हा तिथे विचारायला लाजायचं नाही. पण आधी तू एकटी उतर, आत जाऊन बघून ये, आणि मगच आजींना उतरव. त्यांना दोन पायऱ्या चढवून नेल्यावर आत भारतीय पद्धतीचं निघालं तर त्या पुढच्या थांब्याला उतरणारच नाहीत.

रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी आहे का, ते बघ. असली तर प्रवासाच्या दिवशी त्या ती गुपचूप गाळतील. डॉक्टरांना आधीच विचार की त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का. गोळी आजींनी मनाने बंद करायची नाही आणि तूही नाही.

आता बॅगा. तुम्ही सगळे माणसागणिक बॅग भरताय: दादाची, वहिनीची, आईची. त्यामुळे बाळाचा लंगोट एका बॅगेत, पुसायचा कपडा दुसऱ्या, आणि प्लॅस्टिकची पिशवी तिसऱ्याच बॅगेत सगळ्यात खाली. थांब्यागणिक पिशव्या भर. वाटेतल्या थांब्यांची एक कापडी पिशवी: हात धुवायचा साबण, कागदाचा रोल, छोटा मग, टॉर्च, आजींच्या न घसरणाऱ्या चपला. ती पिशवी पुढच्या सीटच्या पायाशी राहील, डिकीत जाणार नाही. खाण्याची दुसरी. बाळाची तिसरी. आणि खोलीवर पोचल्या पोचल्या लागणारं सामान चौथीत: टॉवेल, रात्रीचे कपडे, चार्जर, आजींची गरम पाण्याची पिशवी. ती डिकीत शेवटी ठेवायची म्हणजे पहिली निघते. बाबांच्या गाडीत तिसरी रांग उघडली की डिकीत मध्यम आकाराच्या दोन बॅगा जेमतेम मावतात, हे तुम्हाला शनिवारी पहाटे पार्किंगमध्ये कळू नये. आदल्या संध्याकाळी सगळं एकदा गाडीत रचून बघ. मावलं नाही की दादाचं म्हणणं आपोआप खरं ठरेल आणि भांडण मिटेल.

आजींच्या इन्सुलिनचं नीट वाच, हे वरवर वाचायचं नाही. चालू असलेलं पेन किंवा बाटली खोलीतल्या तापमानाला साधारण चार आठवडे चांगली राहते, पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ती बिघडते. डॅशबोर्डवर नाही, डिकीत नाही आणि बर्फाच्या पिशवीला चिकटून तर नाहीच. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. न उघडलेलं पेन फडक्यात गुंडाळून थंड डब्यात, चालू पेन तुझ्या पर्समध्ये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दुपारचं इंजेक्शन ताट समोर आल्यावर. नाताळच्या गर्दीत खानावळीत ऑर्डर दिल्यापासून ताट यायला तास लागू शकतो. तुम्ही खुर्चीवर बसलात म्हणून आजींनी इंजेक्शन घेतलं आणि जेवण आलं नाही, तर साखर उतरते: घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी. ग्लुकोजची पुडी हाताशी ठेव. तीही डिकीत नको.

बघ, आपण औषधाबद्दल बोलतोय असं तुला वाटेल. मी अजून थांब्यांबद्दलच बोलते आहे. जेवणाचा थांबा कुठे आणि किती वाजता हे ठरलं नसेल तर जगातली सगळ्यात महागडी थंड पिशवी घेऊन काही उपयोग नाही.

आईला घाट लागतो, हे यादीत कुठेच नाही. त्यांनी घाटात पुढे बसायचं, नजर लांब रस्त्यावर ठेवायची, फोनमध्ये डोकं घालायचं नाही. गोळी घ्यायची असेल तर घाट सुरू होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, म्हणजे मुळशीच्या थांब्याच्याही अलीकडे. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. पोट रिकामं ठेवू नका. आणि पुढे बसलं म्हणून बाळाला मांडीवर घ्यायचं नाही, कोणीही नाही. समोरची एअरबॅग उघडली तर मांडीवरच्या मुलाला तिचाच मार बसतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला, तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट असणं बंधनकारक आहे. वहिनी म्हणेल, रडतो तो सीटवर. रडू दे. म्हणून तर त्याच्यासाठी थांबे थोड्या थोड्या अंतरावर ठेवायचे.

खाण्याचं मात्र मी सविस्तर सांगणार, कारण तुमच्या यादीत सगळी पाकिटं आहेत. आदल्या रात्री दशम्या करा, पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून, किंचित मीठ-साखर, वरून तूप. तव्यावरून उतरल्या की लगेच डब्यात रचू नका. सुती फडक्यावर एकेक सुटी पसरा, पूर्ण निवू द्या, मग त्याच फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम रचल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि सकाळी खालच्या दोन लिबलिबीत निघतात. बरोबर कांदा न घातलेली बटाट्याची सुकी भाजी, लसणाची नाही तर शेंगदाण्याची कोरडी चटणी. तिखटमिठाच्या पुऱ्या केल्यात तर उत्तमच, दुसऱ्या दिवशीही चालतील. दहीभात नको, आंबतो. बाळासाठी तांदूळ आणि मूग भाजून घरी दळलेलं पीठ आणि गरम पाण्याचा थर्मास एवढं पुरतं. पोट बिघडलंच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. तयार पुडी असली तर ती किती पाण्यासाठी आहे ते वाचून मगच कालव. मोठी पुडी एका लिटरची असते आणि लोक ती पेल्यात टाकतात.

समुद्रावर कधी जायचं, हेही निघायच्या आधी ठरतं. दिनदर्शिकेत त्या दिवसाची तिथी बघ आणि तिला पाऊणने गुण. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच हिशोबाने चालत आली आहेत. पाणी ओसरत असताना दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर कुणी कमरेच्या वर जायचं नाही, दादाने तर नाहीच. हर्णैला सुवर्णदुर्गाची होडीही नावाडी भरती-ओहोटी बघूनच काढतात, किल्ल्याशी उतरताना पाय भिजतात, तेव्हा आजींना तो काठावरून दाखव आणि त्यांच्याबरोबर कुणीतरी थांबा. कुणीतरी म्हणजे दर वेळी आईच नव्हे. आळीपाळीने. हे कागदावर नाव घालून लिही, नाही तर काय होतं ते मला माहीत आहे.

माझ्या घरचे मला नावं ठेवतात. दीर तर माझ्यासमोर म्हणाले होते, वहिनींबरोबर जायचं म्हणजे शाळेची सहल. त्यांना गाडी सुटली की वाटेल तिथे थांबायचं असतं, टपरी दिसली की चहा. बरोबर आहे, त्यांना तसं जमतं, कारण रस्त्याच्या कडेला कुठेही उभं राहून त्यांचं भागतं. बाईचं भागत नाही. म्हातारीचं तर नाहीच. मग ज्याचं कुठेही भागतं त्याने सगळ्यांसाठी 'बघू वाटेत' असं ठरवायचं, हा कुठला न्याय? मी कागद काढते, वेळ लिहिते, आधी फोन करून कमोड आहे का विचारते, आणि माझ्याबरोबर आलेली कुठलीही बाई तहानलेली राहत नाही. याला कुणी हेका म्हणत असेल तर म्हणू दे. सासूबाई शेवटच्या वर्षांत फक्त माझ्याबरोबरच बाहेर पडायच्या, मुलांबरोबर नाही. त्याचं कारण दिरांनी कधी विचारलं नाही.

रागावले असं समजू नकोस. तू पहिल्यांदाच सगळ्यांना घेऊन निघाली आहेस, घाटातही तूच चालवणार आहेस, याचं मला फार कौतुक आहे. तुझ्या वयाची मुलं स्वतःची सॅक उचलून निघतात आणि आई-बाबांना नुसते फोटो पाठवतात. तू आजींनाही घेऊन जाते आहेस. म्हणूनच तुझ्या बाबतीत मला अर्धवट काही चालणार नाही.

परतीच्या दिवशी ओले कपडे आणि वाळूच्या चपला यांच्यासाठी दोन जाड पिशव्या रिकाम्या ने. इन्सुलिनच्या सुया वापरून झाल्या की झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत जमा करून पुण्याला परत आण, खोलीतल्या कचऱ्यात टाकू नका, तिथे झाडलोट करणाऱ्या बाईच्या हाताला टोचतात. परत येतानाही तेच थांबे, उलट्या क्रमाने. दुपारी उशिरा निघालात तर ताम्हिणी अंधारात लागेल. दापोली सकाळीच सोडा.

आता यादी घे. ड्रायर काढ. इस्त्री काढ. दादाचा स्पीकरही काढ. रॅकेट राहू दे, बाबांना आवडतं आणि जागा फारशी जात नाही. आईच्या 'असू दे'च्या वस्तूंवर वाद घालू नकोस, प्रत्येकीला फक्त विचार, "ही कुठल्या थांब्याला लागेल?" उत्तर आलं नाही की ती घरी राहील.

आजींशी आजच बोल. सगळ्यांसमोर नको, जवळ बसून, आणि नुसतं "पाणी पी" म्हणून सांगू नकोस. थांब्यांचा कागद दाखव, कुठे कुठे उतरता येईल ते सांग. आणि जिथे खोली घेतली आहेस तिथे फोन करून कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला आधार आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, एवढं विचारून मला कळव. नसेल तर खोली बदलायला अजून वेळ आहे. दापोलीत माझ्या ओळखीचं एक घर आहे, मी विचारून ठेवते.

तुझी,
काकू