करणे एकच, इंग्रजीत दोन: ‘डू’ की ‘मेक’?

प्रश्न: गुहागरला आमचं घरगुती निवास-न्याहारीचं काम आहे. फाटकाजवळच्या फळ्यावर ‘वी डू डिशेस ऑफ सुरमई, बांगडा, कोळंबी’ असं लिहिलंय. परवा पाहुण्यांची मुलगी ते वाचून हसली आणि म्हणाली, “काकू, तिथे ‘मेक’ लिहा.” आत ‘रूम मेकिंग ११ ते १२’ अशीही एक पाटी आहे. दोन्ही चुकलंय का?
(वाचक, गुहागर)

उत्तर: मुलगी हसली, कारण ‘डू द डिशेस’ म्हणजे भांडी घासणे. सुरमईची भांडी घासून मिळतील, असं काहीसं तुमच्या फळ्यावरून वाटतं. पण तिने सुचवलेल्या ‘मेक’नेही काम भागत नाही. ते का, हे सांगायला थोडं मागून यावं लागेल.

आपण भाकरी करतो, धुणं करतो, नवस करतो, चूक करतो आणि लग्नही करतो. इंग्रजीत ही कामं दोन क्रियापदांत वाटली गेली आहेत आणि वाटणी नेहमीच सरळ नाही. तरी एक कसोटी पुष्कळ दूर नेते: काम आटोपल्यावर आधी नव्हतं असं काही मागे राहिलं का? चहा, मोदक, खुर्ची, भिंतीला भोक, हे आधी नव्हतं, आता आहे, म्हणून ‘मेक’. धुणं, भांडी, केरवारा, बाजारहाट यांत नवं काही जन्मत नाही. भांडी आधीही होती, नंतरही तीच आहेत, फक्त स्वच्छ झाली. तिथे ‘डू’. गृहपाठही ‘डू’च, वही भरली तरी, कारण गृहपाठ बाईंनी आधीच दिलेला असतो, मुलगा तो उरकतो.

न दिसणाऱ्या गोष्टींना ही कसोटी लावताना लोक अडखळतात. तोंडातून बाहेर पडणारं बहुतेक सगळं ‘मेक’कडे जातं: वचन, तक्रार, सूचना, सबब, भाषण, फोन, नुसता गोंगाटसुद्धा. निर्णय आणि बेतही तिकडेच. चूकही तिकडेच, आणि ‘आय डिड अ मिस्टेक’ हे तर आपल्याकडे सगळ्यांत जास्त ऐकू येतं. चूक करून झाल्यावर ती मागे शिल्लक राहते, एवढं लक्षात ठेवलं तरी ‘मेड’ आठवेल. उलट दुसऱ्याचं भलं, वाईट, उपकार, नुकसान हे ‘डू’कडे: ‘डू मी अ फेव्हर’, ‘द रेन डिड अ लॉट ऑफ डॅमेज’.

आणि काही ‘करणे’ दोघांपैकी कोणाकडेच जात नाहीत. आंघोळ ‘हॅव’ किंवा ‘टेक’, उपास ‘कीप’, लग्न ‘गेट मॅरिड’. ‘जेवण करणे’ तर मराठीतच दुतोंडी आहे. “जेवण केलं का?” हे चुलीपाशी विचारलं तर रांधलं का, आणि पानावर विचारलं तर जेवलात का. इंग्रजीत पहिलं ‘मेक लंच’, दुसरं ‘हॅव लंच’. पाहुण्याला ‘हॅव यू मेड युअर लंच?’ असं विचारलंत, तर तो बिचारा स्वयंपाकघर शोधायला लागेल.

आता तुमचा फळा. ‘डू’चा एक अर्थ ‘आमच्याकडे मिळतं’ असा आहे, आणि खाणावळीला तोच हवा. ‘वी मेक सुरमई’ लिहिलंत तर सुरमई घडवल्यासारखं होईल. ती घडवली दर्याने. म्हणून ‘डिशेस ऑफ’ पुसा आणि ‘वी डू सुरमई, बांगडा अँड प्रॉन थाळी’ असं लिहा. ‘वी डू ब्रेकफास्ट फ्रॉम एट टू टेन’ हेही त्याच चालीवर बसतं. मोदकांना मात्र ‘मेक’ हवं, कारण पारी वळून कळ्या पाडल्याशिवाय मोदक नसतोच. मोदक शिकायला बसलेल्या पाहुण्यांना कामं वाटून देताना दोन्ही शब्द एका दमात येतात: ‘यू डू द कोकोनट, आय विल मेक द डो.’ नारळ आहे तो खवायचा, म्हणून ‘डू’. उकड वाटीभर पाण्याला वाटीभर पिठी घेऊन नव्याने काढायची, म्हणून ‘मेक’.

चुलीपाशी आणखी एक फरक कामाला येतो. ‘इज द राइस मेड?’ म्हणजे भात केलाय की नाही. ‘इज द राइस डन?’ म्हणजे शीत चिमटीत दाबून बघा, मध्ये कणी लागते का. ‘डन’ म्हणजे इथे पुरता शिजलेला. पाहुण्याने ‘आय वॉन्ट माय फिश वेल डन’ म्हटलं तर ती शाबासकी समजू नका. तुकडा तव्यावर अजून थोडा वेळ हवाय, एवढंच त्याचं म्हणणं.

‘रूम मेकिंग’ची पाटी मात्र काढाच. त्यातून ११ ते १२ या वेळेत खोल्यांचं बांधकाम चालतं असं निघतं. ‘मेक अप द रूम’ म्हणजे खोली आवरून अंथरुणं नीट घालणं, ‘डू द रूम’ म्हणजे झाडलोट. पाटीवर नुसतं ‘रूम क्लीनिंग ११ टू १२’ पुरे. जाता जाता, ‘मेक द बेड’ ऐकून सुताराला बोलवायचं नसतं. चादर ताणून घालायची असते.

प्रश्न: ‘माय फादर मेड मी टू स्टडी’ या वाक्याला सरांनी फुली मारली. पण ‘आय वॉज मेड टू स्टडी’ याला बरोबरची खूण आहे. एकाच वाक्याचे दोन न्याय कसे?
(बारावीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर: सरांचं बरोबर आहे. ‘मेक’ म्हणजे ‘करायला लावणे’ असा अर्थ असला, की पुढच्या क्रियापदाआधी ‘टू’ लागत नाही: ‘मेड मी स्टडी’. वाक्य कर्मणी केलं की तोच ‘टू’ परत येतो: ‘वॉज मेड टू स्टडी’. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांचंही असंच चालतं. ‘लेट’ अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. ‘लेट मी गो’ ठीक, पण त्याचं कर्मणी करायला ‘अलाउड टू गो’ घ्यावं लागतं.

परीक्षेत न विचारलेली पण रोज लागणारी गोष्ट म्हणजे या ‘लावण्या’तला जोर. ‘मेड मी’मध्ये सक्ती आहे, इच्छा असो वा नसो. ‘गॉट मी टू स्टडी’ (इथे ‘टू’ हवा) म्हणजे समजावून, गोडीगुलाबीने बसवलं. आणि मजुरी देऊन काम करून घेतलं, तर ‘हॅव’. पावसाआधी कौलं शाकारून घेतली, हे इंग्रजीत ‘वी हॅड द रूफ डन बिफोर जून’. तिथे ‘वी मेड हिम डू द रूफ’ म्हटलंत, तर कामगाराला दमदाटी करून छपरावर चढवल्यासारखं होतं. मराठीत ‘करून घेतलं’ आणि ‘करायला लावलं’ यांत हा फरक आहेच, तो तसाच पलीकडे न्यायचा.

शिवाय तुमच्या पत्रात एके ठिकाणी ‘डिड नॉट वेंट’ आलंय. प्रश्न आणि नकार उभे करायला इंग्रजी ‘डू’ला हमालासारखं राबवते. भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने एकदा उचललं, की मूळ क्रियापद मोकळं: ‘डिड नॉट गो’. ‘मेक’ ही हमाली कधीच करत नाही. वाक्यात नुसता टेकू म्हणून जो उभा दिसेल तो ‘डू’च.

प्रश्न: आमच्या बचतगटाची अमसुलं, आगळ (खारवलेला कोकमाचा रस), काथ्याचे दोर आणि फणसाच्या लाकडाचे पाट असतात. वेष्टनावर ‘मेड ऑफ’, ‘मेड फ्रॉम’, ‘मेड विथ’ यांतलं काय कुठे छापायचं? सगळीकडे ‘मेड इन सिंधुदुर्ग’ चालणार नाही का?
(बचतगटाच्या सदस्य, वेंगुर्ले)

उत्तर: ‘मेड इन’ने फक्त गाव कळतं, माल कशाचा हे कळत नाही. मूळ जिन्नस डोळ्यांना ओळखू येत असेल, तर ‘ऑफ’. पाट बघितला की फणसाचं पिवळं लाकूड दिसतं: ‘मेड ऑफ जॅकफ्रूट वुड’. मूळ रूप पालटून गेलं असेल, तर ‘फ्रॉम’. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल त्याच्याच रसात मिठासह पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की काळपट, चिवट अमसूल होतं; त्यात मूळचं तांबडं फळ कोण ओळखणार? म्हणून ‘मेड फ्रॉम कोकम’. अनेक जिनसांपैकी एकीकडे बोट दाखवायचं असेल, तर ‘विथ’. सोलकढीत नारळाचं दूधही असतं आणि आगळही, तेव्हा ‘मेड विथ कोकम आगळ’.

तुमच्या दोरात तर ‘ऑफ’ आणि ‘फ्रॉम’ दोन्ही एकत्र सापडतात. सोडणं, म्हणजे नारळावरची सालं, खाजणाच्या (खाडीलगतच्या खाऱ्या) पाण्यात महिनोन्महिने कुजत घालायची, मग बडवून धागा सोडवायचा. सोडणाचं रूप गेलं, म्हणून काथ्या ‘फ्रॉम हस्क’. पुढे काथ्या नुसता वळला, तो दिसतोच, म्हणून दोर ‘ऑफ कॉयर’. फुकटात मिळालेल्या बरणीचा दिवा केला, तर त्याला आणखी निराळं: ‘मेड आउट ऑफ अ जार’, म्हणजे एका वस्तूचं रूप मोडून दुसरी केली.

आणि आंब्याच्या पेटीवर ‘मेड इन’ छापू नका. आंबा ‘ग्रोन’ असतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. फळ कुठे पिकलं हीच त्यात मुद्द्याची गोष्ट आहे. आंबापोळी मात्र खुशाल ‘मेड’. बोलताना आपण इंजिन ‘कुठल्या मेकचं’ विचारतो, ते इंग्रजीतही बरोबर आहे, पण त्याचं उत्तर कंपनीचं नाव असतं, गावाचं नाही.

प्रश्न: मी पर्यटकांची गाडी चालवतो. दाभोळच्या फेरीबोटीसाठी निघताना एक बाई म्हणाल्या, ‘वी वोन्ट मेक इट.’ मला वाटलं त्या काहीतरी बनवायला नकार देतायत.
(गाडीचालक, दापोली)

उत्तर: ‘मेक इट’ म्हणजे वेळेत पोचणं. बाईंना बोट चुकेल अशी धास्ती होती. ‘वी वोन्ट डू इट’ म्हणाल्या असत्या, तर तो बेताला नकार झाला असता. ‘वुई आर डूइंग सिक्स्टी’ म्हणजे गाडी साठच्या वेगात आहे. तोंडाकडे बघा, कौतुक की तक्रार ते कळेल. सामान लावून झाल्यावर ‘दॅट विल डू’ म्हटलं, तर पुरे, चालेल. ‘वी विल मेक डू’ मात्र नाइलाजाचं आहे, आहे त्यात भागवू. खोली पसंत नसलेला पाहुणा हेच हसत हसत म्हणतो. ‘गणपतीपुळे डन?’ म्हणजे बघून झालं का. आणि कुणी ‘आय वॉज डन’ म्हणालं, तर तो फसला. आपण फसलं की ‘मला बनवलं’ म्हणतो, म्हणून ‘ही मेड मी’ म्हणायचा मोह होतो. तो टाळा. म्हणायचंच तर ‘ही मेड अ फूल ऑफ मी’, पुरतं.

प्रश्न: ‘डू’चं संस्कृताशी नातं आहे, असं ऐकलं. ‘कृ’शी का?
(निवृत्त शिक्षिका, मालवण)

उत्तर: नातं आहे, पण ‘कृ’शी नाही, ‘धा’शी: दधाति, म्हणजे ठेवतो. निधान, विधी, श्रद्धा यांतला तोच धातू. ‘डू’चा जुना अर्थ ‘ठेवणे, घालणे’ असाच होता. टोपी घालणं म्हणजे ‘डॉन’, काढणं म्हणजे ‘डॉफ’. हे शब्द ‘डू ऑन’ आणि ‘डू ऑफ’ यांचेच आखडलेले. ‘मेक’चा भाऊबंद जर्मन ‘माखेन’. त्याचं मूळ मळणे-घडवणे या अर्थाकडे जातं असं मानतात. दोन क्रियापदांची ही हौस सगळ्या युरोपाला नाही. फ्रेंचांचं एका ‘फेर’वर भागतं, आपल्या ‘करणे’सारखं. एक गंमत तुम्हाला आवडेल: ‘त्यांच्याकडे आज कार्य आहे’ यातल्या ‘कार्या’ला ब्रिटिश बोलीत नामच आहे, ‘अ डू’.

प्रश्न: हर्णैला पर्यटकांना धुक्यातला सुवर्णदुर्ग दाखवताना मी ‘यू कॅन मेक आउट फ्रॉम हिअर’ म्हणतो. दोन तरुण जोडपी लाजून पांगली. का?
(वाचक, हर्णै)

उत्तर: ‘मेक आउट’चा एक अर्थ अंधुक दिसणं, ओळखू येणं; अमेरिकी बोलीतला दुसरा अर्थ चुंबाचुंबी. पहिल्या अर्थाला कर्म लागतं, दुसऱ्याला लागत नाही. तुम्ही किल्लाच गाळलात. ‘यू कॅन मेक आउट द फोर्ट’ म्हणा.