अमोनाइटला शाळिग्राम म्हणावं का?

प्रश्न असा आहे: 'अमोनाइट'ला, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या एका नामशेष समुद्री प्राण्याच्या जीवाश्माला, मराठीत सरळ शाळिग्राम म्हटलं तर चालेल का? आणि या शब्दाचं अमोनियाशी काही नातं आहे का?

दुसरं आधी घेतो, कारण त्यात मजा आहे. नातं आहे, पण ते देवाच्या बाजूचं. इजिप्तच्या आमोन देवाला मेंढ्याची वळलेली शिंगं दाखवत. तसल्याच आकाराच्या दगडाला रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात 'आमोनचं शिंग' म्हटलं; अमोनाइट आला तो तिथून. त्याच आमोनच्या वाळवंटातल्या देवळालगतच्या मिठाचं नाव पुढे नवसागराला चिकटलं आणि त्यावरून अमोनिया झाला. म्हणजे कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागर टाकतो तेव्हा नाकाला झोंबतो तो आमोनच!

आता शाळिग्राम. मूळ संस्कृत शब्द शालग्राम. मराठीने त्याचा 'ल' जिभेला वळवून 'ळ' केला. हा दगड नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातला. काळाभोर, गुळगुळीत, आणि फुटला किंवा भोक असलं तर आत चक्र. ते चक्र म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या अमोनाइटच्या कवचाचा ठसा. तिकडे लोकांना शिंग दिसलं, इकडे विष्णूचं चक्र.

तरीही माझं मत: दोन्ही शब्द वेगळे ठेवा. शाळिग्राम हा पूजेतला शब्द आहे, तो तुळशीच्या लग्नात लागतो. 'कच्छमध्ये शाळिग्राम सापडतात' असं लिहिलं तर वाचणारा गंडकी शोधत बसेल. तिथे सापडतात ते अमोनाइटच.

'शंख' तर मुळीच नको. शंखाचा पीळ मळसूत्रासारखा वर चढतो, अमोनाइट बहुधा घड्याळाच्या स्प्रिंगसारखा एकाच पातळीत गुंडाळलेला. शंखातली गोगलगाय वेगळी. हा प्राणी शीर्षपाद, मासळीबाजारातल्या माकुलाचा नातलग. कवचात पडदे घालून कप्पे केलेले, राहायला फक्त शेवटचा कप्पा, बाकीचे तरंगण्यासाठी. पडदे कवचाला जिथे भिडतात तिथली रेघ नेच्याच्या पानासारखी नक्षीदार असते. प्रकार ओळखताना अभ्यासक तीही पाहतात. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरबरोबर हा गोतावळाही गेला.

लिहिताना 'अमोनाइट', अनेकवचनीही तेच. 'अमोनाइट्स' कशाला?