लग्नानंतरचा खेळ : खेळाडूंचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

कॉलेजात शिकणाऱ्या, खेळणाऱ्या आणि नुकतंच लग्न झालेल्या मुलामुलींच्या पत्रांत तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ही उत्तरं एकत्र देत आहे. जी एका ओळीत संपतात ती ताणलेली नाहीत.

कबड्डी खेळते. सासरी सांगितलंय की हिरवा चुडा आणि जोडवी इतक्यात काढायची नाहीत. वरून चिकटपट्टी गुंडाळली तर चालेल?

नाही. कबड्डीत दागिने घालून मैदानात उतरताच येत नाही. पट्टीखालीही काच फुटते आणि पकडीत ती समोरच्या मुलीला लागते. जोडवी बुटात दाबली जाऊन बोट सुजलं, की कापूनच काढावी लागतात. सरावाआधी काढा, घरी आल्यावर घाला.

मी कुस्ती खेळतो. वस्ताद म्हणतात, स्पर्धेच्या आदल्या रात्री बायकोजवळ गेलं की ताकद जाते.

जात नाही. जागरणाने मात्र जाते.

तीन हजार मीटर पळते, टी. वाय. बी. ए.ला आहे, वजन ५० किलो. लग्नाला दहा महिने झाले, चार महिने पाळी नाही. घरी दोनदा चाचणी केली, एकच रेघ आली. घरचे म्हणतात, "थांब, गोड बातमीच असेल." सर म्हणतात, पळणाऱ्या मुलींची पाळी जातेच. पहाटे चहा-बिस्किटावर सराव, दहाला दोन पोळ्या-भाजी, रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते. आठवड्यापासून नडगी दुखते आहे.

घरचेही चुकताहेत आणि सरही. सरांचं जास्त चुकतंय, कारण ते ऐकून मुली वर्ष-वर्ष गप्प बसतात.

आधी गरोदरपणाची शंका नीट मिटवा. चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीची करायची आणि आठवड्याने पुन्हा. तरी शंका असेल तर रक्ताची बीटा-एचसीजी. ती नकारात्मक आली, की वाट बघायचं काही कारण उरत नाही. एरवी नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाही, की डॉक्टर गाठायचा. तुम्ही महिनाभर उशीर केला आहे.

आता हिशेब मांडा. ५० किलोतली चरबी साधारण १० किलो धरली, तर उरतं ४० किलो. सरावाचा खर्च वगळून या ४० किलोंना दर किलोमागे रोज सुमारे ४५ कॅलरी लागतात, म्हणजे १८००. आठ किलोमीटर पळण्याच्या साधारण ४०० वेगळ्या. एकूण २२००. तुम्ही लिहिलेलं खाणं जेमतेम १४०० भरतं. त्यातून पळण्याचे ४०० गेले की शरीराच्या वाट्याला १००० येतात, किलोमागे २५. तीसच्या खाली गेल्यावर बहुतेकींच्या शरीरात काटकसर सुरू होते. मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं आणि त्याबरोबर हाडं विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीराला पडणारी ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. ही अवस्था पुरुष खेळाडूंतही असते. त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते इतकंच.

म्हणूनच मला तुमच्या पाळीइतकीच नडगीची काळजी वाटते. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर बहुधा स्नायू-आवरणाचं असतं. एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या भागात, दाबल्यावर कळ आली किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला ताणाची चीर असू शकते. तसं असेल तर आजपासून पळणं बंद. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. 'एक्स-रे नॉर्मल' म्हणून पळायला सोडलेल्या मुली नंतर कुबड्यांवर येतात. शंका राहिली तर एमआरआय लागतो.

औषधाच्या दुकानातून 'पाळी आणायची' गोळी घेऊ नका. त्या गोळीने रक्तस्राव झालाच तर घरचे निश्चिंत होतील, पण मूळ तूट तशीच राहील आणि हाडांची झीजही थांबणार नाही. उपाय ताटात आहे. रोज ३०० ते ४०० कॅलरी वाढवून सुरुवात करा: सरावाआधी एक केळं, संपल्यावर अर्ध्या तासात मूठभर शेंगदाणे-गूळ आणि एक पेला दूध. हे सगळं पिशवीतून मैदानावर न्या, कारण पहाटेच्या सरावानंतर तुमचं खाणं थेट दहावर जातं, हे तुमच्याच पत्रात दिसतंय. सरावही काही आठवडे कमी करावा लागेल. पाळी परत यायला महिने लागतात. ती येण्याआधीच बीज सुटू शकतं, तेव्हा मूल नको असेल तर 'पाळीच नाही' या भरवशावर राहू नका. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच-एलएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या तपासण्या मात्र डॉक्टरांना दाखवूनच. खाणं कमी आहे म्हणून दुसरं कारण नसेलच असं नाही. याच आठवड्यात जा.

राष्ट्रीय पातळीवर ज्युदो खेळते. दोन वर्षं मूल राहत नाही म्हणून लेट्रोझोल लिहून दिलंय. सुरू करू?

थांबा. लेट्रोझोल आणि क्लोमिफेन ही दोन्ही औषधं उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत आहेत, बायकांनाही, आणि स्पर्धा नसतानाही. मुरुमांसाठी किंवा चेहऱ्यावरच्या केसांसाठी देतात ते स्पायरोनोलॅक्टोनही त्याच यादीत. सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी ज्या सर्म गटातली (इस्ट्रोजेनच्या परिणामात फेरफार करणाऱ्या औषधांतली) आहे, तो गटही बंदीत येतो. हे फारच थोड्या मुलींना कुणी सांगितलेलं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांचा यात दोष नाही. तुमची नमुना-तपासणी होते हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं. औषध खरंच गरजेचं असेल तर 'नाडा'कडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) उपचारासाठी सवलतीचा अर्ज करता येतो, आणि मंजुरी हातात आल्यावरच पहिली गोळी. "डॉक्टरांनी दिलं होतं" एवढ्यावर सुटका होत नाही.

अश्वमेध स्पर्धा आणि पाळी एकाच आठवड्यात आहे. पुढे ढकलायची गोळी घेऊ का?

ती गोळी, नॉरएथिस्टेरोन, अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. आदल्या संध्याकाळी मैत्रिणीच्या पाकिटातली घेऊन उपयोग नाही. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा विकार किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, तर ती धोक्याची; तेव्हा चिठ्ठीशिवाय नको. ती बंदी यादीत नाही, पण लघवीत नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडशी साम्य असलेले अंश क्वचित दिसू शकतात. नमुना देताना अर्जात तिचं नाव लिहा. आणि हो, ती गर्भनिरोधक नाही.

हरतालिका आणि नवरात्र धरायचं आहे. सरावाचं काय?

निर्जळ उपासाला सराव नाही, हे ठरलेलं. नवरात्रात अडचण साबुदाण्याची आहे. तो निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळजवळ शून्य. राजगिरा, दही, दूध, शेंगदाणे वाढवा आणि त्या नऊ दिवसांत वेगाचे व वजनाचे सराव अर्ध्यावर आणा. मधुमेह असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

नवरा-बायको दोघंही खेळतो. जिमवाले म्हणतात, प्रोटीनचा चार हजारांचा डबा दोघांना महिनाभर पुरेल.

जिमवाल्यांना डब्यामागे कमिशन पुरतं. ५५ किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, दोन वाट्या घट्ट वरण १४, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२ आणि पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या २६. झाले ८०, पोळ्या-भाकऱ्या धरल्याच नाहीत. सुटी पावडर, फोडून पुन्हा बंद केलेला डबा, किंवा घटकांचं प्रमाण न लिहिता 'खास मिश्रण' छापलेलं लेबल दिसलं तर हात लावू नका; त्यात बंदी असलेलं काही मिसळलं असेल तर शिक्षा तुम्हाला होते, विकणाऱ्याला नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवायच्या आधी तपासणी.

लग्नानंतर आधारवर नाव बदललं, गुणपत्रिकेवर माहेरचंच आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत अडचण येईल का?

हा प्रश्न डॉक्टरचा नाही. कॉलेजच्या क्रीडा संचालकांना विचारा, आणि प्रवेशिका भरायच्या आधी विचारा.